जोंधळ्याएवढी जागा

नागेंद्र शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे कुठलीही गोष्ट नुसती सांगून त्याचं समाधान होत नाही. शहापुरातल्या मारुतीमामांपुढे त्याने उन्हात भिंग धरलं. "एकेक किरण अंगाला जाणवतसुद्धा नाही, मामा. सगळे एका ठिपक्यावर आले की बघा." मामांनी बघितलं. मागावरून नुकत्याच उतरलेल्या डाळिंबी साडीला जोंधळ्याएवढं भोक पडलं होतं.

"आणि ह्ये माझ्या मेंदूत करणार व्हय?"

मामांचा उजवा हात तीन वर्षं थरथरत होता. तुटलेला धागा जोडायला चाळीस वर्षं दोन बोटं पुरली होती. आता सुनेला हाक मारावी लागे. सांडलेल्या चहापेक्षा ती हाक त्यांना जास्त लागायची. बेंगळूरचे डॉक्टर म्हणाले होते, कवटी उघडायची नाही. बाहेरून हजारभर ध्वनिलहरी आत एका जागी आणायच्या आणि थरथर चालवणारी तेवढीच जागा जाळायची. फक्त डोकं तुळतुळीत हवं, केसांत हवा अडकते आणि लहरी आत पोचत नाहीत.

मामा अडले ते इथे. "आई जित्ती असताना डोस्कं भादरू व्हय रं?"

नव्वदीच्या रुक्माबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या, "मी गेल्यावर भादरणारच हाईस. आत्ता भादरलास तर मला बघाय तरी गावंल."

यंत्रात मामा जागेच होते. काचेपलीकडे नागेंद्रचा जीव टांगणीला. आधी ती जागा थोडीशीच तापवली, तशी हाताची थरथर थांबली.

"ही चाचणी," डॉक्टर म्हणाले. "इथंच थांबलो तर ती जागा परत जागी होईल. ओठाला मुंग्या येतात? आल्या तर नेम चुकलाय, शेजारचं भाजेल."

"न्हाय येत."

मग आच वाढवली. मामांचं डोकं क्षणभर तव्यावर ठेवल्यासारखं झालं, आणि ती जागा कायमची मेली.

मामांचं टक्कल बघून गल्लीने काय समजायचं ते समजून घेतलं. चार बायका तोंडाला पदर लावून आल्या, तर दारात रुक्माबाई तंबाखू मळत बसलेल्या. "कोण गेलं गं?" त्यांनीच काळजीने विचारलं.

आत मामांनी पहिल्याच झटक्यात सुईत धागा ओवला आणि डाळिंबी साडी मांडीवर घेऊन भोक रफू करायला लागले. हात जरासुद्धा थरथरत नव्हता. नागेंद्रला धीर आला.

"बघा मामा, जाळलं म्हणून तर बरे झालात. डॉक्टरांपेक्षा मी तरी वेगळं काय केलं होतं?"

मामांनी दाताने धागा तोडला.

"त्येला कुटं जाळायचं ते ठावं हुतं."