दादाला दिलेले दोन घोट

दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. नगरकडच्या देवळालीच्या शिवारात आमचं गुऱ्हाळ होतं. माझा थोरला भाऊ, दादा, तिथला गुळव्या; गूळ तोच करायचा. काहिलीतला, त्या भल्यामोठ्या कढईतला, पाक तयार झाला का, हे तो बोटांनी ओळखायचा. हात गार पाण्यात बुडवायचा, उकळत्या पाकातून चिमूट उचलायची, लगेच परत पाण्यात. गोळी वळली की काहील उतरवायची. हे करताना तो गाणं म्हणायचा. तसा गूळ मी पुन्हा खाल्ला नाही.

दादा दारू प्यायचा. त्या हंगामात वहिनीनं त्याला खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली आणि त्यानं सोडली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्याचे हात कापायला लागले. चिमूट धरवेना.

"आज तू बघ गोळी. मला जमंना."

मला त्यातलं कळत नव्हतं. पाक जळाला असता. चिपाडांच्या ढिगात मी माझ्यापुरती बाटली लपवली होती, ती काढली.

"दोन घोट घे, हात थांबंल."

"भंडारा उचललाय रं."

"औषिद म्हनून घे. देवाला बी गूळ लागतोच की."

तो हसला. दोनाचे किती झाले ते मी पाहिलं नाही, जाळ घालायला गेलो. हात थांबला खरा, पण काहिलीच्या काठाशी वाकताना तोल गेला. उजवी बाजू खांद्यापर्यंत पाकात. पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून भाजत राहतो.

वहिनी धावत आली. तिला वास आला. "कुनी दिली?"



"माझीच हुती," दादा म्हणाला. "लपवून ठिवल्ती."

नगरच्या दवाखान्यात तो आठ दिवस जगला. वहिनीनं चमच्यानं पाणी पाजलं, माश्या वारल्या, पण त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. तो नुसता तिच्याकडे बघायचा. आणि मी तिथंच, भिंतीला टेकून गप्प.

आता माझी पन्नाशी उलटली. कुठं गुऱ्हाळाचा वास आला की अजून उभा राहतो, दादाचा आवाज येईलसं वाटतं. गेल्या महिन्यात वहिनीपुढं बसलो आणि सगळं सांगितलं. ती गवार मोडत होती.

"म्हंजी त्यांनी मागितली न्हवती?"

"न्हाई. मीच दिली."

तिनं हातातली शेंग मोडली. मग म्हणाली, "भावजी, दवाखान्यात मी पानी आनाया भायेर गेले, की ते काय बोलायचे?"

"तुमचंच. राग गेला का तिचा, म्हनायचा."

तिनं पुढची शेंग उचलली नाही.

"अजून काय म्हनायचे?" ती म्हणाली. "समदं सांगा."