तिसरं वाक्य

हॅलिफॅक्सला माझी एक शेजारीण होती, मूळची स्कॉटलंडची, ऐंशी ओलांडलेली, जिभेला धार. दर बुधवारी तिच्या स्वयंपाकघरात चहा, आणि चहाबरोबर तिच्या गावाकडच्या बोलीतला एक शब्द. नियम तिचाच: शब्दाची तीन वाक्यं करून दाखवायची, तीही खरी, स्वतःच्या आयुष्यातली. मगच शब्द तुझा. वाक्य चुकलं की ती बिस्किटांच्या डब्याला झाकण लावायची.

एका बुधवारी शब्द आला 'थ्रॉन'. हात्तिच्या, हट्टी, एवढंच ना? मी ठोकून दिलं, "माझा मुलगा लहानपणी थ्रॉन होता, आइस्क्रीमसाठी दुकानात लोळण घ्यायचा."

डबा बंद. "अगं, ते लाडावलेलं पोर. थ्रॉन माणसाला काही मिळवायचं नसतं. कोणी ढकललं की तो उलटा रेटतो, स्वतःचं नुकसान झालं तरी."

मग मी सांगितलं की माझा नवरा थ्रॉन होता, डॉक्टरांनी मीठ तोडा म्हटल्यापासून जेवताना रोज लोणचं मागायचा. पास. इथला वारा थ्रॉन आहे, छत्री वळवावी त्याच्या उलट बाजूने येतो. तेही पास. तिसरं काही केल्या जमेना.

नवरा जाऊन वर्ष झालं होतं. त्या हिवाळ्यात मी ड्राइव्हवेवर घसरले, मनगट मोडलं, आणि दूरच्या किचनर शहरात राहणाऱ्या माझ्या मुलाला निमित्त सापडलं. दर रविवारी फोन. तो इंग्रजीत, मी मराठीत. बेसमेंट फिनिश केलंय, सेपरेट वॉशरूम आहे, घर विकून टाक. चाळीस वर्षांचं घर सोडून मी तळघरात राहू? कांदे-बटाटे आहे का मी?

ऑक्टोबरात तो आला तो घरं विकणाऱ्या एजंटलाच घेऊन. मला विचारलंसुद्धा नाही! तो बाबा माझ्या ओट्याला टेप लावून मापं घ्यायला लागला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "टेप गुंडाळ. घर माझ्या नावावर आहे आणि मी अजून मेलेले नाही."

"मॉम, डोन्ट बी स्टबर्न."

"स्टबर्न नाही, थ्रॉन आहे मी!"

एजंट टेप गुंडाळून निघून गेला. मुलाने दार लावलं. मग कधी नव्हे ते मराठीत म्हणाला, "आणि परत पडलीस तर?"

"तर उठेन."

दुसऱ्या दिवशी तो परत गेला. चिवड्याचा डबा मी बळेच बॅगेत कोंबला.

बुधवारी मी विजयी मुद्रेने शेजारणीला सगळं ऐकवलं. तिने मान हलवली. "हा नुसता राग. रागात कोणीही बोलतं. यात तुझं काय गेलं?" मला तिचाही राग आला. चहा अर्धा टाकून घरी आले.

जानेवारीत बर्फाचं पहिलं मोठं वादळ झालं आणि सकाळी दारात एक माणूस फावडं घेऊन उभा. मुलाने परस्पर किचनरहून ठरवलेला. त्याला मी दारातूनच परत पाठवलं आणि स्वतः बर्फ शोव्हल करायला लागले. कचऱ्याच्या डब्यांपाशी पाय सटकला आणि गुडघ्यावरच आपटले. डोळ्यांपुढे काजवे चमकले. बर्फात बसूनच मुलाला, त्या माणसाला आणि माझ्या मेलेल्या नवऱ्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या. भीतीही वाटली, खोटं कशाला बोलू? शेजारच्या खिडक्यांत कुठे पडदा हलतोय का ते पाहिलं. मग फावड्याचा आधार घेऊन उठले आणि रस्त्यापर्यंतचा उरलेला बर्फ काढला.

बुधवारी लंगडत शेजारणीकडे गेले. काय झालं ते सांगितलं. बिस्किटांचा अख्खा डबा उचलून तिने माझ्या पुढ्यात ठेवला.

मुलाला अजून सांगितलेलं नाही.