चंद्रकोरीच्या छापाची टोकनं

मी आयुष्यात कधी पत्ते खेळलो नाही. साधी रमीसुद्धा नाही. आमच्या घरात पत्त्यांचा कॅट आणायला बंदी होती आणि ती अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घातली होती. तरीही नव्वदच्या दशकातली पाच-सहा वर्षं मी बेंगळुरूतल्या जुन्या, चोरून चालणाऱ्या जुगारघरांची टोकनं गोळा करण्यात घालवली. टोकनं म्हणजे टेबलावर पैशांऐवजी मांडायच्या गोल चकत्या.

सुरुवात चिकपेटला झाली. रविवारी तिथली कापडाची दुकानं बंद असत आणि बंद शटरांसमोर गोणपाटं अंथरून जुन्या सामानाचा बाजार भरे. कुलपं, चष्म्यांच्या काड्या, ग्रामोफोनचे भोंगे, काय वाटेल ते. मी कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. आठवडाभर दुसऱ्यांच्या यंत्रांची रेघोट्यांची चित्रं काढून कंटाळलेला माणूस रविवारी असल्या ठिकाणी रमतो. एकदा मला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात शंभरेक चकत्या दिसल्या. विकणारा म्हणाला, कोटाची बटणं आहेत.

“बटणांना भोकं कुठायत?” माझ्या मागून कुणीतरी कन्नडमध्ये म्हणालं.

वळून पाहिलं तर एक म्हातारा. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. त्याने एक चकती उचलली, गालाला लावली आणि हाडाची आहे म्हणून सांगितलं. मग म्हणाला, या कॅन्टोन्मेंटमधल्या एका घराच्या, आणि ते घर बंद होऊन तीस वर्षं झाली.

हा म्हातारा वीसेक वर्षं अशा तीन घरांमध्ये काउंटरवर बसला होता. आत येणाऱ्याकडून पैसे घ्यायचे, टोकनं द्यायची, हे त्याचं काम. आता तो शिवाजीनगरमागे एका खोलीत एकटा राहत होता. मी दर रविवारी बाजारातून त्याच्याकडे जाऊ लागलो. जाताना खारी बिस्किटं न्यायचो. तो चहा करायचा आणि मी आणलेला माल पारखायचा. हाड गालाला गार लागतं, सेल्युलॉइड लागत नाही. सेल्युलॉइड अंगठ्याने जोरात चोळलं की कापरासारखा वास येतो. मातीची टोकनं एकमेकांवर टाकली की आवाज बसका येतो. हे सगळं मी त्याच्याकडून शिकलो. पोलिसांची धाड पडली की प्रत्येक घर आपला छाप बदलायचं आणि जुनी टोकनं फोडून विहिरीत टाकायचं, म्हणून ती आता मिळत नाहीत, हेही त्यानेच सांगितलं. मी वहीत सगळं लिहून घ्यायचो. घरी आल्यावर काचेच्या झाकणाच्या खणात टोकनं मांडायचो, खाली सुबक अक्षरात चिठ्ठ्या लावायचो. बायको म्हणायची, दारू-सिगारेटपेक्षा बरं.

सगळ्यांत जास्त ध्यास मला चंद्रकोरीच्या टोकनांचा लागला. म्हाताऱ्याच्या तीन घरांपैकी एक लाकडाच्या वखारींमागे होतं. बाहेर टायपिंग इन्स्टिट्यूटची पाटी, पुढच्या खोलीत खरोखरच दोन टाइपरायटर, आणि मागच्या खोलीत टेबलं. सत्तरच्या दशकात ते जोरात चालायचं. त्या घराच्या टोकनांवर चंद्रकोर असे. म्हातारा म्हणाला, चार रंग होते. लाल आणि पांढरी मला मिळाली होती. पिवळी आणि निळी दोन वर्षं शोधूनही सापडली नाहीत.

ती सापडली अक्काकडे.

अक्का माझी मोठी बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. भावोजी जाऊन तेव्हा पंधराएक वर्षं झाली होती. बेंगळुरूतल्याच श्रीरामपुरात दोन खोल्यांत ती मुलीबरोबर राहायची आणि चिकपेटच्या दुकानांसाठी ब्लाउज शिवायची. एका संध्याकाळी मी दिवाळीची साडी द्यायला गेलो होतो. ती जमिनीवर कापड पसरून त्यावर कागदाचा साचा ठेवून कापत होती. कागद हलू नये म्हणून त्यावर चकत्या ठेवल्या होत्या. पिवळ्या, निळ्या. प्रत्येकीवर चंद्रकोर.

त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं सांगायला हवं. आनंद झाला. नुसता आनंद. ही वस्तू या घरात का असेल, हा विचार त्याच्या बऱ्याच नंतर आला.

“ही कुठून आली, अक्का?”

तिची कात्री थांबली नाही. “तुझे भावोजी आणायचे. खिशातून.”

मग कापता कापताच तिने सांगितलं. सगळं हरून यायचे त्या दिवशी एखादं टोकन चुकून खिशात उरलेलं असायचं. ते मुलीच्या हातात द्यायचे. पोर तीन वर्षांची. तिला वाटायचं, बाबा आपल्यासाठी खेळणं घेऊन येतात, आणि ती दारात वाट बघत बसायची. मी विचारलं, मग फेकून का नाही दिलीस? अक्का म्हणाली, वजनदार आहेत, कापड हलत नाही.

भावोजी जुगारात बुडाले हे मला माहीत होतं, पण ऐकीव. तेव्हा मी डिप्लोमासाठी हुबळीला होतो. अण्णांनी त्यांना चिकपेटच्या आमच्या दुकानात भागीदार करून घेतलं होतं. जुगाराचं उघड झालं तेव्हा अण्णांनी नोकरमाणसांसमोर त्यांना दुकानातून बाहेर काढलं. पुढे ते दुसऱ्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना कापड दाखवायला उभे राहिले आणि तीन वर्षांत काविळीने गेले. अक्का मुलीला घेऊन माहेरी आली, तेव्हा अण्णांनी तिला सांगितलं, ज्याने या घराचं तोंड काळं केलं त्याची बायको इथे राहणार नाही. हे सगळं आईने मला पत्रातून कळवलं होतं. आईही पुढे लवकरच गेली.

एवढं ठाऊक असूनही मी अक्काकडे ती टोकनं मागितली. माझा खण, त्यातल्या चिठ्ठ्या, कोणता रंग किती दुर्मीळ, हे सगळं मी तिला उत्साहाने समजावून सांगितलं. बदल्यात कारखान्यातून पितळेची छान वजनं करून आणून देतो, म्हणालो. तिने कात्री खाली ठेवली आणि माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग नऊच्या नऊ टोकनं गोळा करून ब्लाउजच्या एका तुकड्यात बांधली.

“सरी, बरं,” ती म्हणाली. “घेऊन जा.”

पुढच्या आठवड्यात मी पितळेची वजनं नेऊन दिली. व्यवहार चोख झाला असं मला वाटलं.

रविवारी मी ती टोकनं म्हाताऱ्यासमोर ओतली. त्याने एकेक उलटून पाहिलं, त्याचा चेहरा उजळला. मीही जरा मिरवलो. माझ्या बहिणीच्या घरात निघाली, तिचा नवरा त्या जुगारघरात जायचा, म्हणालो. कोण, त्याने विचारलं. मी वर्णन केलं. उंच, कुरळे केस, चिकपेटच्या कापड दुकानातला, मराठी.

म्हातारा म्हणाला, “सासऱ्याबरोबर यायचा तो?”

मी म्हणालो, नाही, दुसरा कोणी असेल. त्याचा सासरा म्हणजे माझे वडील. त्यावर म्हातारा चहाचं आधण बघायला उठला. मी त्याला सोडलं नाही. पुन्हापुन्हा विचारलं. शेवटी त्याने सांगितलं की सासरा आधीपासून यायचा. दोन वर्षं, दर शनिवारी दुपारी. काळी टोपी घालायचा. कुणाशी फार बोलायचा नाही. घरातला चहा घ्यायचा नाही, पाणीसुद्धा नाही. सोबत फिरकीचा तांब्या आणायचा आणि त्यातलंच पाणी प्यायचा. मग एकदा जावयाला घेऊन आला. शेजारी बसवून खेळ शिकवला. काही महिन्यांनी धाडीची कुणकुण लागली आणि सासरा यायचा बंद झाला. जावई येत राहिला.

काळ्या टोप्या घालणारे चिकपेटमध्ये शेकडो होते. पण फिरकीचा तांब्या घेऊन फिरणारा, बाहेरचं पाणी न पिणारा माणूस मी एकच ओळखत होतो. लग्नाला जातानाही तो तांब्या अण्णांच्या पिशवीत असे.

मी तिथून तडक अक्काकडे गेलो. ती मशीनवर बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिने टाका पुरा केला, दोरा तोडला.

“मला तेव्हाच माहीत होतं,” ती म्हणाली. “तुझ्या भावोजींनी मला सांगितलं होतं. अण्णांचं नाव बाहेर काढायचं नाही, अशी माझ्याकडून शपथही घेतली होती.”

मी विचारलं, भावोजी गेल्यावर तरी का बोलली नाहीस? तिने हिशेब मांडावा तसं नाही, अगदी सहज सांगितलं. आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. माझं शिक्षण चालू होतं आणि ते अण्णांच्या जिवावर चालू होतं. ती बोलली असती तर घर फुटलं असतं, आणि फुटलेल्या घरातून मला कुणी शिकवलं नसतं.

“आणि तुला कळून तू काय करणार होतास?” तिने विचारलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला राग चालला असता.

अण्णांशी मी चार दिवसांनी बोललो. दुपारची वेळ होती, ते आरामखुर्चीत पेपर वाचत होते. पंचाहत्तरीला आले होते, समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष होते, मुलांच्या वसतिगृहाला त्यांनी खोली बांधून दिली होती. मी त्या घराचा उल्लेख केल्यावर त्यांनी पेपर खाली केला. नाकारलं नाही.

“मी सोडलं. त्याला सोडता आलं नाही,” ते म्हणाले. “माणसाने स्वतःला आवरावं. यात माझा काय दोष?”

मी म्हणालो, अक्काचा काय होता? त्यांनी पेपर पुन्हा वर घेतला. संध्याकाळी नेहमीप्रमाणे मंडळाच्या बैठकीला गेले. मी त्यांच्याच घरात राहत होतो, त्यांच्याच ताटाशेजारी जेवत होतो, आणि दुसऱ्या दिवशीही जेवलो.

त्यानंतर मी तो खण हेब्बाळच्या तळ्यात नेऊन रिकामा केला असं लिहायला मला आवडलं असतं. मी तसं काही केलं नाही. शिवाजीनगरला जाणं तेवढं बंद केलं. बाजारात जात राहिलो, आणखी दोन वर्षं टोकनं घेत राहिलो, चिठ्ठ्या लावत राहिलो.

दोन वर्षांनी अण्णा गेले. तेराव्यानंतर मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती. हॉल भरला होता. बायकांच्या रांगेत पुढेच अक्का आणि तिची मुलगी बसल्या होत्या. भाची तेव्हा कॉलेज संपवून नोकरी शोधत होती. एक ज्येष्ठ व्यापारी बोलायला उभे राहिले. अण्णांच्या करारीपणाबद्दल त्यांनी बरंच सांगितलं आणि मग म्हणाले, जुगाराच्या नादी लागलेल्या स्वतःच्या जावयालाही दाराबाहेर काढायला हा माणूस कचरला नाही. आज अशी माणसं कुठे आहेत? लोकांनी माना डोलावल्या.

त्यानंतर माझं नाव पुकारलं. मुलगा म्हणून मी दोन शब्द बोलायचे होते. माईकपर्यंत चालत जाताना मी ठरवलं होतं, निदान एवढं तरी म्हणायचं की भावोजींबद्दल जे बोललं गेलं ते अर्धवट आहे. तेवढंच. समोर हार घातलेला फोटो, माझ्या सासरची माणसं, दुकानातली जुनी नोकरमाणसं, मंडळाचे लोक. अक्का माझ्याकडे बघत नव्हती, खाली बघत होती. भाची बघत होती. मी खिशातला कागद काढला आणि त्यावर जे लिहिलं होतं ते वाचलं. आलेल्या सर्वांचे आभार मानले. वडिलांनी घालून दिलेल्या शिस्तीवर चालण्याचा प्रयत्न करीन, म्हणालो.

बाहेर पायरीवर अक्का चपला घालत होती. मी जवळ गेलो. भाची बोलली, अगदी हळू आवाजात.

“मामा, ते माझे बाबा होते.”

अक्काने तिचा हात धरला, ऑटो थांबवली आणि दोघी गेल्या.

पुढच्या वर्षी भाचीला इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी लागली आणि त्या दोघी श्रीरामपूर सोडून तिकडे राहायला गेल्या. पत्ता मला एका नातेवाइकाकडून कळला. मी दोनदा पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. एकदा जाऊन आलो, तर दाराला कुलूप होतं; शेजारणीकडे निरोप ठेवला, त्याचंही काही झालं नाही. मग भाचीच्या लग्नाची पत्रिका आली, टपालाने, माझ्या बायकोच्या नावे.

आम्ही दोघं गेलो. छोटा हॉल, थोडी माणसं. आमच्यात नवरीला मामा मांडवात आणतो. गुरुजींनी मामाला बोलवा म्हटलं तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. पण एक ओळखीचे नसलेले गृहस्थ आतून भाचीचा हात धरून तिला घेऊन आले. ते तिच्या ऑफिसमधले कोणी वडीलधारे, पुण्याकडचे होते, असं नंतर कळलं. आजूबाजूच्यांना त्यात काही वेगळं वाटलं नाही, कारण मामा कोण हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. मी खाली बसलो. अक्षता टाकल्या, जेवलो, बायकोने आहेराचं पाकीट अक्काच्या हातात दिलं. अक्काने ते घेतलं, माझ्या बायकोच्या हातात नारळ ठेवला, आणि जेवलात ना, म्हणून विचारलं. तिलाच विचारलं, मला नाही.