मामाजी, हलू नका

आता तुमच्यापासून काय लपवायचं? माझा फोटो स्टेजवर लागलाय. म्हणजे मी काढलेला. म्हणजे तसा माझाही. थांबा, चहा घ्या, नीट सांगतो.

मी इथे बहरीनमध्ये एसी दुरुस्तीच्या कामाला. नाद मात्र फोटोचा. कॅमेरा जुना, बाब अल बहरीनच्या बाजारातून घेतलेला, बॅटरीचं झाकण चिकटपट्टीवर उभं. स्टँड नाही. पण म्हणून काय शिकायचं नाही? इंटरनेटवर बघून मी एचडीआर शिकलो. एकाच जागेवरून तीन फोटो काढायचे, एक काळपट, एक बरा, एक भगभगीत. लॅपटॉपवर तिन्ही एकत्र केले की उजेडातलंही दिसतं आणि अंधारातलंही. अट एकच, काही हलायला नको.

आमच्या मंडळाचे सेक्रेटरी गजभियेसाहेब म्हणाले, यंदा स्नेहसंमेलनात स्टेजमागचा पडदा तुमच्या फोटोचा. मी हवेत. कारण नेमके तेव्हाच नागपूरहून सासरे आले होते, व्हिजिट व्हिसावर. मामाजी रिटायर्ड हेडमास्तर. त्यांच्या लेखी कॅमेरा म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग. मुलगी दिली ती नोकरी बघून, नाद बघून नाही, असं ते कधी म्हणाले नाहीत, पण कॅमेऱ्याकडे बघायचे तेव्हा ते मला ऐकू यायचं. म्हटलं, आता दाखवतोच यांना जावई काय चीज आहे ते.

ठरलं. उम्म अल हस्समच्या आमच्या फ्लॅटमधून दिसणारं संध्याकाळचं मनामा शहर. खिडकी उघडावी तर बाहेरच्या दमट हवेने लेन्सवर वाफ धरते, म्हणून खिडकी बंद. कॅमेरा तांदळाच्या पिशवीवर बसवला. खिडकीतला एसी थरथरतो, त्याने भिंत थरथरते, म्हणून एसी बंद. दिवसभर लोकांचे एसी चालू करणारा मी, घरचा बंद करून बसलो! काचेत खोली दिसायला नको म्हणून दिवेही बंद. सुजाताने, म्हणजे बायकोने, नुकतीच वंदना घेतली होती. बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती तेवढी जळत होती, ती कशी विझवणार? एवढ्याशा ज्योतीने काय होतंय, मी म्हटलं.

थोड्याच वेळात खोलीची भट्टी झाली. मी बनियन आणि टॉवेलवर आलो. मामाजीही बनियनवर, सोफ्यावर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होते.

"मामाजी, हलू नका. सोफा हलला की फरशी हलते, फरशी हलली की फोटो."

"जावईबापू, आमच्या इकडे एका फोटोत भागते. तुमाले तीन कायले लागते?"

"डिटेलसाठी, मामाजी."

ते एकदम स्तब्ध झाले. वर्तमानपत्र हवेत होतं, तिथेच राहिलं. शाळेत मुलांना असंच बसवत असतील. मी वाकत, उठत, घाम पुसत तिन्ही फोटो काढले.

फोटो काय आला म्हणता! केशरी आकाश, खालचे दिवे, सगळं. समोरच्या काळ्या काचांच्या इमारतीवर तर काहीतरी नक्षीसारखं उमटलेलं. साध्या फोटोत तिथे नुसता अंधार असतो. हेच ते अंधारातलं डिटेल, म्हणून मी ते आणखी उजळलं, चांगलं सढळ हाताने उजळलं. फोटो पाठवला. गजभियेसाहेबांचा मेसेज आला, "कडक. यल्ला, चला, प्रिंटला देतो."

संमेलनाच्या दिवशी हॉल भरला. स्टेजभर माझं मनामा. माझं नाव पुकारलं, मी उभा राहून चारी बाजूंना हात जोडले. टाळ्या. पहिल्या रांगेत मामाजी. तेवढ्यात मागे बायकांमध्ये खसखस पिकली. मामाजींनी चष्मा लावला, उठले, सरळ स्टेजवर गेले आणि त्या काळ्या इमारतीजवळ वाकून बघू लागले. मग वळले. त्यांच्या आवाजाला माईक लागत नाही.

"जावईबापू, हा मी होय."

होय हो, तेच होते! मेणबत्तीच्या उजेडात आमची खोली खिडकीच्या काचेत उमटली होती. ती मी स्वतःच्या हाताने उजळून पुरुषभर उंच करून टांगली होती. बनियनवरचे मामाजी, वर्तमानपत्र उगारलेलं, सगळ्या मनामाला दम देत असल्यासारखे. मिशीचा केस न् केस मोजून घ्या. आणि शेजारी अंधुकसे अडीच इसम. एक वाकलेला, एक पाठ खाजवणारा, तिसऱ्याचा नुसता टॉवेल.

मी खुर्चीत जेवढं खाली सरकता येतं तेवढा सरकलो. मान वर करून बघतो तर मामाजींसोबत फोटो काढायला लोकांची रांग! आणि हेडमास्तर ताठ उभे, प्रत्येकासाठी.

परवा नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. मामाजींकडे पाहुणे बसलेले, भिंतीवर तोच फोटो, फ्रेम करून. मामाजी पाहुण्यांना सांगत होते, "जावयाचा कॅमेरा म्हणजे साधी गोष्ट नाही." खरं सांगतो, ऊर भरून आला. एवढी वर्षं याच वाक्यासाठी तर तांदळाच्या पिशव्या वाहिल्या.

तोच एका पाहुण्याने विचारलं, "अन् हे बाजूचे अंधुक लोक कोण होय, गुरुजी?"

"तो एकटा जावईच होय," मामाजी म्हणाले. "एका जागी उभं राहाचं अजून शिकून रायला."