प्रगतिपुस्तक पालकाच्याच हातात

आम्ही जुन्या शिक्षिका कुठे लग्नाकार्यात भेटलो की पाच मिनिटं गुडघ्यांवर बोलतो आणि मग थेट शाळेवर घसरतो. एकीने एक किस्सा सांगितला की दुसरीला दोन आठवतात. माझ्याकडे सगळ्यात मोठा साठा आहे तो सत्र संपतानाचा, म्हणजे प्रगतिपुस्तकं वाटायच्या दिवसांचा. त्याला कारण आमचे हेडमास्तर प्रभुदेसाई सर.

वालावलच्या जवळ, खाडीकाठच्या एका गावात आमची शाळा होती, पाचवी ते दहावी. मी जामसंड्याची. नोकरी नवीन, आणि गळ्यात सातवीचा वर्ग. सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, पण आमच्या प्रगतिपुस्तकांवर छापलेलं होतं ‘जिल्हा रत्नागिरी’. जुना साठा संपेपर्यंत नवीन छापायची नाहीत, असा सरांचा हुकूम. त्यामुळे मी आधी बेचाळीस वेळा रत्नागिरी खोडायची आणि मग मुलांचे मार्क भरायला घ्यायची.

सरांचा दुसरा हुकूम जास्त कडक होता. मुलं बापाची सही परस्पर ठोकतात हे त्यांनी पकडलं होतं. एका पठ्ठ्याने तर दोन वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांची सही आणली होती, तीही तारखेसकट! तेव्हापासून नियम झाला. प्रगतिपुस्तक पालकाच्याच हातात द्यायचं, शेरा मोठ्याने वाचून दाखवायचा आणि सही नाहीतर अंगठा समोर बसून घ्यायचा. जो पालक येणार नाही त्याच्या घरी वर्गशिक्षकाने जायचं.

मी विचारलं, “सर, बेचाळीस घरं?”

“छे हो बाई, अर्धे तर नक्की येतील.”

उरलेली एकवीस घरं माझी, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

*

दिवाळीच्या सुट्टीआधी भातकापणी जोरात असते. अशा वेळी शाळेत यायला फुरसत कुणाला? एका वाडीने सात मुलांसाठी मिळून एकच काका पाठवला.

“बाई, बाकीचे सगळे शेतात आसत. आज मीच सगळ्यांचो बापूस समजा.”

मी एकेकाचा निकाल वाचायला लागले. काका शांतपणे ऐकायचे, सही करायचे आणि त्या मुलाच्या डोक्यात एक टपली द्यायचे. सहा टपल्या झाल्या. सातवा मुलगा वर्गात दुसरा आला होता. त्यालाही टपली मिळाली.

मी उठूनच उभी राहिले. “अहो, याला कशाला? हा दुसरा आलाय.”

“ठावक आसा. पण तसोच सोडलंय तर बाकीचे सा जण वाटेर तेका बडयतले. आता सगळे सारके.”

सातही जण खरोखरच गळ्यात गळे घालून घरी गेले.

*

आमच्याकडे काही माणसं कचेरीत नाहीतर शाळेत आली की मालवणी उंबऱ्याबाहेर ठेवतात आणि शुद्ध बोलायला जातात. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील दशावतारी नाटकात राजाचं काम करायचे. त्या नाटकात लिहिलेले संवाद नसतात, राजा आयत्या वेळी सुचेल ते भारदस्त मराठीत बोलतो. या गृहस्थांना शुद्ध भाषा ती एवढीच येत होती.

दारात उभे राहून त्यांनी हात जोडले. “हे गुरुमाते, माझ्या पुत्राच्या पराक्रमाची वार्ता ऐकण्यास मी आतुर झालो आहे.”

वर्ग खदखदायला लागला. मग मीही कशाला मागे राहते? “राजन, आपल्या पुत्रास गणितात एकोणीस गुण प्राप्त झाले आहेत.”

“कितीपैकी, माते?”

“शंभरपैकी, राजन.”

राजाने जोडलेले हात सोडले. मग मुलाकडे वळला आणि सिंहासनावरून थेट वाडीत उतरला. “मेल्या, मी गावोगाव नाचान तुका शिकयतंय आणि तू एकोणीस काडतंस?”

सही मात्र त्यांनी अगदी ऐटीत केली. खाली रेघ मारून दोन टिंबंसुद्धा दिली.

*

माझा स्वभाव तेव्हा तापट होता. आताही फार निवला आहे असं घरचे म्हणत नाहीत. एका मुलाच्या प्रगतिपुस्तकावर मी रागाने शेरा लिहिला होता, ‘वर्गात झोपतो.’ त्याची आई आली, मासे विकणारी, टोपली बाहेर ठेवून. मी नियमाप्रमाणे शेरा मोठ्याने वाचला आणि आता ती त्याला कशी झाडते ते बघत बसले.

“खरा सांगतास काय बाई? झोपता?”

“रोज झोपतो.”

“बरा झाला गो बाय.” तिने पदराने तोंड पुसलं. “मी काळोखात फाटफटी मासे आणूक भायर पडतंय. बारको पोर उठलो की ह्योच तेका मांडयेर घेवन बसता. ह्येका झोप गावता तरी कदी, ह्येचीच माका काळजी होती. तुमच्याकडे गावता तर.”

मला खरोखर लाज वाटली. तिच्यासमोरच मी तो शेरा खोडला आणि ‘प्रकृतीची काळजी घ्यावी’ असं लिहिलं.

संध्याकाळी सरांनी ते पाहिलं. “बाई, प्रगतिपुस्तकात खाडाखोड चालत नाही.”

“मग सर, रत्नागिरीचं काय करू?”

सरांनी चष्मा पुसायला काढला तो बराच वेळ पुसत राहिले.

*

खाडीपलीकडच्या घरांना होडीतून जावं लागे. होडीवाल्याचा मुलगा माझ्याच वर्गात. खाडीच्या बरोबर मध्यावर त्याने वल्हं उचलून मांडीवर घेतलं.

“बाई, आमच्या झिलाचा काय ता हयसरच सांगा.”

“बाकी ठीक आहे. भूगोलात नापास.”

“भूगोलात?” तो दुखावलाच. “खाडयेत खडप खंय, गाळ खंय, भरती कदी, ता सगळा तेका डोळे मिटान ठावक आसा.”

“पेपरात खाडी नव्हती हो. आफ्रिका होती.”

“आफ्रिकेत तेका कोण धाडता? पास करा, मगे होडी फुडे जायत.”

होडी प्रवाहाबरोबर हळूहळू समुद्राकडे सरकायला लागली होती. मी काकुळतीला येऊन म्हटलं, “अहो, भूगोल माझ्याकडे नाही. तो हेडमास्तर शिकवतात.”

त्याने थोडा विचार केला आणि होडी मागे वळवली. “मगे तेंका घेवन येवया.”

सर काठापर्यंत आले, पण होडीत पाऊल काही ठेवलं नाही. काठावरूनच त्यांनी वार्षिक परीक्षेत लक्ष घालायचं कबूल केलं, तेव्हा कुठे मी पलीकडे पोचले.

*

पलीकडे मला गाठायचं होतं भिवाचं घर. त्याची मुलगी सुनंदा माझ्या वर्गात पहिली आली होती. मी निकाल वाचला तसा भिवा खुलला. काजूगर आणि गूळ पुढे केला, शेजाऱ्यांना हाका मारून पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाला, “बरा झाला बाई. सातवी म्हंजे भरपूर झाली. वार्षिक निकालादिवशी तिचो दाखलो पण देवन टाका. मुंबयत माझी भैण आसा, तिका पोरां सांभाळूक कोण तरी व्हया.”

घास माझ्या तोंडातच राहिला. सुनंदा दाराआड उभी होती. तिची आई आमच्याकडे पाठ करून चुलीशी बसली होती.

मी भिवाला बरंच सुनावलं. सरांनी त्याला तीन वेळा शाळेत बोलावलं. दर वेळी तो यायचा, नम्रपणे ऐकून घ्यायचा, “तुमचा म्हणणा शंबर टक्के बरोबर,” असं म्हणायचा आणि निघताना विचारायचा, “दाखलो मगे निकालादिवशीच गावतलो मां?” माणूस वाईट नव्हता, म्हणूनच भांडायची सोय नव्हती. वार्षिक परीक्षेतही पोरगी पहिली आली. तिचं नाव लिहिताना मला रडू येत होतं आणि रागही येत होता.

*

निकालाच्या दिवशी शाळेची पडवी पालकांनी भरून गेली. आमच्याकडे कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही, मग निकाल तरी कसा वाटणार? गावातले वयस्कर मानकरी दाजी नारळ ठेवायचे आणि उभ्याने गाऱ्हाणं घालायचे. दाजींचं एक वाक्य संपलं की जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. एकदा होय म्हटलं की तो देवासमोर दिलेला शब्द. आणि या कामात भिवाचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. त्याचा ‘होय म्हाराजा’ खाडीपलीकडे ऐकू जातो, असं लोक कौतुकाने म्हणायचे, आणि त्यालाही ते ठाऊक होतं.

तो पहिल्याच रांगेत उभा होता. दाखल्याचा अर्ज घडी करून खिशात. सुनंदा मुलींमध्ये मान खाली घालून बसलेली. तिची आई त्या दिवशी पहिल्यांदाच शाळेत आली होती. दाजी नारळाची शेंडी नीट करत होते तेव्हा ती त्यांच्याजवळ गेली, वाकली, दोन शब्द बोलली आणि बायकांत जाऊन उभी राहिली.

दाजींनी हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, आज ह्या शाळेत पोरांचो निकाल आसा, तेच्यासाठी ह्यो नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा!”

“जी पोरां पास झाली तेंका अशीच बुद्धी दी, जी ऱ्हवली तेंच्या वायटाचा चांगला कर रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा!”

“मास्तरांका आणि बाईंका सुखी ठेव, तेंच्या रागार जरा पाणी घाल रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा!” सर माझ्याकडे बघत जरा जास्तच मोठ्याने म्हणाले.

“आणि ह्या भिवाचा चेडू पयला इला, ता मुंबयक न जाता हयसरच धावी पास होयपर्यंत शिकांदे रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा!”

पडवीचे वासे हलले. सगळ्यात वरचा आवाज भिवाचा.

भिवाचे हात अजून जोडलेलेच होते. हळूहळू त्याने मान वळवली.

“दाजीनू, ह्या काय सांगलास?”

दाजींनी नारळ पायरीवर आपटला आणि दोन्ही भकलं नीट बघितली.

“मी फकत इचारलंय, भिवा. होय कोण म्हणालो?”