लेकीच्या घरचं जेवण

पांढरकवड्याकडच्या त्या खेड्यात वामनरावांना कुणी जेवायला बोलावलं आणि ते गेले नाहीत, असं कधी झालं नाही. माणूस खाण्याचा शौकीन आणि तोंडाचा गोड. फक्त एका घरचं पाणीसुद्धा ते पीत नसत, आणि ते घर होतं त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, निकिताचं. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरी जेवू नये, हा त्यांच्याकडचा जुना रिवाज. लग्नाला बरीच वर्षं झाली. मूल काही होईना आणि वामनराव काही जेवेनात.

निकिता नवऱ्याबरोबर कोचीला राहते, पर्यटकांना तिथलं जुनं बंदर दाखवते. यंदा तूर निघाल्यावर म्हातारा एकदाचा कोचीला गेला. उतरला लेकीकडेच, पण दोन्ही वेळा कोपऱ्यावरच्या हॉटेलात इडल्या हाणायचा. निकिता ताट मात्र रोज वाढायची आणि तसंच झाकून ठेवायची. ते बघून वामनरावांचा जीव तुटायचा, पण रिवाज म्हणजे रिवाज! शहाणी माणसंसुद्धा कधी कधी इतकी ठोंब्यासारखी वागतात की सांगायची सोय नाही.

एक दिवस तेही तिच्या पर्यटकांबरोबर निघाले. मासे धरायची चिनी जाळी, पोर्तुगिजांचं चर्च, ज्यूंचं प्रार्थनामंदिर, मशीद, गुजरात्यांची गल्ली, कोकण्यांचं देऊळ. एवढ्याशा जागेत एवढ्या मुलखांची माणसं येऊन राहिली, हे ऐकून वामनराव चाटच पडले. लेक फर्ड्या हिंदीत सांगत होती आणि दिल्ली-लखनौकडची मंडळी माना डोलवत होती. बापाची छाती फुगली.

गल्लीच्या तोंडाशी एका बाईंनी निकिताला सहज विचारलं, "बच्चे कितने हैं आपके?"

"नहीं हैं," निकिता हसून म्हणाली. पण हातातली छत्री तिनं उगाच उघडली आणि उगाच मिटली.

वामनरावांनी ते पाहिलं. हाच प्रश्न आपण रोज तिच्या वाढलेल्या ताटापुढे विचारतो आहोत, तोंडानं नाही, न जेवता. त्यांना स्वतःची लाज वाटली.

दुपारी सहल संपली, मंडळी पांगली. निकितानं सवयीनं विचारलं, "बाबा, तुमच्या हॉटेलपाशी सोडून देऊ?"

"हाटेल कायले? तुह्या घरी काय हाय?"

"वांग्याची भाजी हाय. पण बाबा, घरात अजून लेकरू..."

"हाय ना. माहं लेकरू राह्यते त्या घरात. चाल, मले भूक लागली."

निकितानं भररस्त्यात बापाचा हात धरला. डोळे वाहत होते, तरी ती भराभर चालत होती.

घरी गेल्यावर वामनरावांनी चार घास खाल्ले आणि भाजीत तिखट कमी आहे म्हणून कुरकुर केली. त्यावर लेक बापाशी चांगली कडकडून भांडली, लग्नानंतर पहिल्यांदाच.