पायाकडचा काठ

काही खोल्यांत जाळी साचतात, आमच्या खोलीत किस्से साचतात. चार बायका एका कापडाभोवती बसल्या, हात गुंतलेले आणि तोंडं मोकळी, मग दुसरं काय होणार? पण मी ते लिहायला घेतले ते हसू येतं म्हणून नाही. राग येतो म्हणून!

आठ वर्षं बाहेर राहून, टेक्स्टाइल डिझाइन शिकून मी भंडाऱ्याला परत आले. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यामुळे उठून नव्या जागी वसलेल्या एका गावात, समाजमंदिराच्या मागच्या खोलीत आम्ही जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतो. आम्ही म्हणजे साठी ओलांडलेल्या देवकाबाई, अखंड बोलणाऱ्या शकूनकाकू, न बोलता नुसत्या हसणाऱ्या रेखावहिनी आणि मी. शहरातल्या एका दुकानाने आम्हाला बारा गोधड्यांची ऑर्डर दिली होती. सरपंचांनी आधीच बजावलं होतं, "ऑर्डर पास झाली तं खोली तुमची. नाही तं मंडपवाला कवाचाच मांगून राहिला सामान ठेवाले."

जुन्या गावात या तिघींची दारं समोरासमोर होती. नव्या गावात प्लॉट चिठ्ठ्या टाकून मिळाले आणि तिघी तीन टोकांना गेल्या. ही खोली गेली की तिघींनी एकत्र बसायची जागाच संपली.

आणि हे सगळं अडलं कशावर? काठावर! गोधडीच्या चार बाजूंना लावायच्या चार बोटं रुंद पट्टीवर!

*

दुकानाने पहिल्यांदा शेड कार्ड पाठवलं. काठ याच रंगांत हवेत. माती, राख, वाळलेलं गवत आणि एक नुसताच "धूसर".

शकूनकाकूंनी कार्ड उजेडात धरलं. "असा रंग आला का आमी ते लुगडं पोतेऱ्याले काढतो. हे तं नवंच मळकं मांगून राहिले!"

मला शहराची बाजू घ्यायची काही गरज नव्हती. पण कॉलेजात शिकलेलं असं सहज सुटत नाही. मी समजावायला लागले, "काकू, सध्या अर्थी टोन्स चालतात, म्हणजे मातकट रंग. लोकांना अर्थी आवडतं."

देवकाबाईंची सुई थांबली. "कोनाची?"

"कोणाची म्हणजे?"

"अर्थी. कोनाची उचलून राहिले? पोरी, आपुन पांघरूण शिवतो का कफन?"

त्या संध्याकाळी मी दुकानाला तीन पानी मेल लिहिला. रंगांवर कोणाची मालकी असते, इथपासून सुरुवात केली होती. उत्तर एका ओळीत आलं: "ठीक आहे, तुमचे रंग चालतील." माझा राग अर्धवटच राहिला.

*

मग आम्ही भंडाऱ्याच्या बाजारात काठाचं कापड घ्यायला गेलो. दुकानात पांढरीशुभ्र गादी, त्यावर पांढऱ्या शर्टातले शेठ.

"गोधडीलेच पाहिजे ना? मंग कोनतंही चालते," म्हणत त्यांनी चकाकणारं पॉलिस्टर पुढे फेकलं.

कोणतंही चालतं! सुती कापडाला सुती काठ का लागतो, एक आकसलं आणि दुसरं नाही तर गोधडी कशी चुणते, हाताने शिवणाऱ्या बाईचे किती दिवस त्यात वाया जातात, मी सगळं एका दमात सांगितलं. शेठ शांतपणे ऐकत होते आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाला टॉवेल दाखवत होते.

शेवटी सुती आलं. आधी हिरवं, मग लाल, भरपूर लाल. "रंग जाणार नाही, गॅरंटी," शेठ म्हणाले.

देवकाबाईंनी कापडाचं टोक उचललं, जिभेवर ओलं केलं आणि शेठच्या गादीवर जोरात घासलं. पांढऱ्या गादीवर कुंकवाच्या बोटासारखा पट्टा उमटला.

"अवो बाई, हे काय करून राहिल्या!"

"काई नाही जी," देवकाबाई म्हणाल्या, "गॅरंटी लिहून घेतली."

पुढचा लाल तागा शेठनी स्वतःच आतून काढून आणला. तो गादीवर घासू मात्र दिला नाही, हातरुमाल दिला!

*

हा किस्सा माझ्यावरचा आहे. लपवला असता, पण मग दुसऱ्यांवर रागवायचा मला काय हक्क?

पहिल्या तीन गोधड्या तयार झाल्या. मी पाहते तर तीन बाजूंना हिरवा काठ आणि चौथीला लाल. तिन्ही गोधड्यांना तसंच! माझ्या डोक्यात कॉलेजचे सगळे शब्द एकदम उठले. फिनिशिंग, क्वालिटी, कन्सिस्टन्सी. हिरवं कापड कमी पडलं म्हणून लाल जोडून दिलं असणार. लोक आपल्याला गावठी म्हणतात ते अशानेच! मी भाषण केलं. लाल काठ उसवायला लावला. रेखावहिनी दोन दिवस खाली मान घालून उसवत होत्या, आणि त्या दोन दिवसांत हसल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी शकूनकाकूंच्या घरी जेवायला गेले. खाटेवर गोधडी होती. तीन बाजू निळ्या, चौथी पिवळी. बाजेवर आणखी एक. तीन बाजू जांभळ्या, चौथी पांढरी.

"काकू, ही चौथी बाजू..."

"पायाकडची. येगळी नाही केली तं मालूम कसं पडन? आज पायावर घेतली तेच उद्या तोंडावर याची."

मी धावत खोलीवर आले. "देवकाबाई, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू एवढं शिकून आली," त्या दोरा ओवत म्हणाल्या. "मले वाटलं, तिकडल्या लोकायचे पाय धुतलेलेच रायत असतीन."

उसवलेले तिन्ही काठ मी माझ्या हाताने परत शिवले. टाके वाकडे आले. देवकाबाईंनी ते मुद्दाम तसेच ठेवले आहेत.

*

दुकानाने गोधड्यांवर लावायच्या लेबलचा मजकूर पाठवला. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. "विस्थापित स्त्रियांच्या अश्रूंनी विणलेली ऊब."

कोणाचे अश्रू? कोणी पाहिले? या बायकांचं गाव पाण्याखाली गेलं, ते काय दुकानाच्या काचेत टांगायला? मी खोलीभर फिरत बोलत होते. तिघी टाके घालत होत्या.

"पुन्हा वाच वं," शकूनकाकू म्हणाल्या. मी वाचलं.

"त्याइले कळव, अश्रूनं नाही जी, सुईनं. अन् विणली नाही, शिवली. एका ओळीत दोन चुका! तुमच्या कॉलेजात याले किती मार्क देतेत?"

मी जसंच्या तसं कळवलं. तो मजकूर त्यांनी काढला. पण त्याच दिवशी दुसरा मेसेज आला: तुम्ही पाठवलेल्या फोटोंत चौथ्या बाजूचा काठ वेगळा दिसतो, हा डिफेक्ट आहे, बाराही गोधड्यांत दुरुस्त करा. दुकानाच्या मालकीण मॅडम स्वतः तपासायला येत आहेत. चारी बाजू सारख्या नसतील तर ऑर्डर रद्द.

मी देवकाबाईंकडे पाहिलं. खोली जाईल, हे त्यांनाही कळत होतं.

"नाही उसवत," त्या म्हणाल्या. "कोनाच्या पायाचं कोनाच्या तोंडाले लागलं तं पाप आपल्या हाताले."

*

मॅडम आल्या. बाराही गोधड्या घडी करून रचल्या होत्या. त्यांनी वरची उलगडली, लाल काठावर बोट ठेवलं आणि मान हलवली. "ग्राहकाला हे समजत नाही हो. चारी बाजू हिरव्या करा, विषय संपला."

माझं भाषण तयार होतं. परंपरा, प्रतिष्ठा, शहराची आंधळी नजर. "मॅडम, प्रश्न काठाचा नाहीच," एवढं मी म्हटलं आणि देवकाबाईंनी मागून असा चिमटा काढला की पुढचं वाक्य कळवळण्यातच गेलं.

तेवढ्यात मॅडमची नजर खिडकीबाहेर गेली. दोरीवर देवकाबाईंची घरची गोधडी उन्हाला टाकली होती. कैक पावसाळे पाहिलेली, विटलेली.

"हे! हेच मला हवंय!" मॅडम बाहेर धावल्या. "हा मऊपणा बघा! हा खरा स्पर्श!" त्यांनी दोन्ही मुठींत काठ गोळा केला, गालाशी धरला आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला. "माझा एक फोटो काढ ना."

मी मोबाइल धरला. पडद्यावर तीन बाजू हिरव्या दिसत होत्या. लाल काठ मॅडमच्या गालावर होता.

मी फोटो काढला. मग आणखी दोन काढले.

रेखावहिनींनी तोंडात पदर कोंबला. शकूनकाकू आयुष्यात पहिल्यांदा गप्प होत्या. देवकाबाई हात जोडून पुढे आल्या आणि फार आदराने म्हणाल्या, "मॅडम, ते आमच्या म्हाताऱ्याच्या पायाची बाजू होय जी. धानाच्या चिखलातून आला का तसाच आडवा होते."

मॅडमनी डोळे उघडले. काठ हळूच खाली सोडला. गोधडीच्या चारी बाजू एकदा पाहिल्या, पुन्हा एकदा पाहिल्या. मग खोलीत आल्या. बारापैकी एकेक गोधडी उचलून, तिचा लाल काठ शोधून, तो आपल्यापासून लांब राहील अशी ठेवत गेल्या. बाराही.

"गाडीत ठेवा," एवढंच म्हणाल्या. मग जरा थांबून, "तोंड धुवायला पाणी मिळेल का?"

"रेखा," देवकाबाईंनी हाक मारली, "मॅडमले पानी दे. अन् माझा टॉवेल नोको देजो. त्याले काठच नाही!"